मान-कपाळ राखाडी-काळं, बायोप्सीत ‘लायकेन प्लॅनस पिगमेंटोसस’. हा रंग जातो का?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. वहिनीसाठी विचारायलोय. वय ४६, घरकाम आणि शेतात येणं-जाणं. आठ-नऊ महिन्यांत दोन्ही कानशिलं, कपाळाच्या कडा, कानासमोरचा भाग आणि मान काळवंडत गेली. आता काखेतही दोन डाग दिसायलेत. रंग तपकिरी नाही, चुलीच्या राखेत काजळी कालवल्यासारखा. हात फिरवला तर काही लागत नाही. उंचवटा नाही, खपली नाही. उन्हातून आल्यावर थोडं चुरचुरतं, एरवी खाज नाही.

घरात सगळ्यांनी वांग ठरवून टाकलं. मेडिकलमधून गोरेपणाची ट्यूब आणून तीन महिने लावली. पहिला महिना उजळल्यासारखं दिसलं, मग गाल लाल, आग, आणि बंद केल्यावर आधीपेक्षा काळं. शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी मानेवरचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट असा: ‘बेसल लेयरमध्ये ठिकठिकाणी व्हॅक्युओलर डिजनरेशन, अप्पर डर्मिसमध्ये पिगमेंट इनकाँटिनन्स आणि मेलॅनोफेजेस, विरळ लिम्फोसाइट्स.’ निदान शीर्षकात लिहिलंय तेच.

चिठ्ठीत रात्री टॅक्रोलिमस ०.१ टक्के मलम, दिवसा सनस्क्रीन, आणि केसांचा डाय बंद. डाय म्हणजे काळ्या मेहंदीची पुडी, दर तीन आठवड्यांनी. डोक्याला आवळ्याचं तेल. बीपीची गोळी दोन वर्षांपासून: टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र.

हे नेमकं काय असतं? घरात पोरंबाळं आहेत, लागण होते का? लिव्हर बिघडल्यानं होतं म्हणतात, ते खरं का? टॅक्रोलिमसच्या कागदावर किडनी बदललेल्यांचं औषध असं वाचून वहिनीनं ट्यूब उघडलीच नाही. आणि मुख्य म्हणजे रंग जातो का?

---

काचपट्टी

लागणीचं आधी सांगतो: होत नाही. जंतू नाही, बुरशी नाही. टॉवेल, उशी, भांडी काही वेगळं करायची गरज नाही.

आता रिपोर्ट. कातडीचा वरचा थर, एपिडर्मिस, साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, वहीच्या कागदाएवढा. त्याची तळाची एकपदरी रांग म्हणजे बेसल लेयर. रंग तयार करणाऱ्या पेशी याच रांगेत बसतात आणि बनवलेलं मेलॅनिन शेजारच्या पेशींना वाटतात. लायकेन प्लॅनसच्या कुळातल्या आजारात आपल्याच शरीरातले टी-लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी, या तळरांगेवर हल्ला करतात. तळच्या पेशी फुगून पोकळ होतात, हेच ‘व्हॅक्युओलर डिजनरेशन’. पेशी फुटली की तिच्यातलं मेलॅनिन खाली, डर्मिसमध्ये सांडतं. ते ‘पिगमेंट इनकाँटिनन्स’. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात आणि पोट भरून तिथंच बसून राहतात. त्या मेलॅनोफेज. ‘विरळ लिम्फोसाइट्स’ याचा अर्थ दाह अजून थोडा चालू आहे, पण धडाडून पेटलेला नाही.

रंग राखाडी का, याचं उत्तर जुन्या आज्यांच्या कपाळावरच्या गोंदणात आहे. गोंदताना घातलेली काजळी काळीच असते, पण वर्षानुवर्षं ते गोंदण हिरवट-निळं दिसतं. काळा कण कातडीत खोल गेला की वर येणारा उजेड पसरतो आणि डोळ्यांपर्यंत निळसर छटा पोचते. वहिनींचं मेलॅनिन तसंच खोल आहे. वांग बहुतेक वेळा वरच्या थरात जास्त, म्हणून तो तपकिरी दिसतो, गालफाड, नाक आणि वरच्या ओठावर येतो. काखेत वांग येत नाही. काखेतले ते दोन डागच खरं तर वांगाच्या विरोधातली साक्ष आहेत.

यातूनच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर निघतं. वरचा थर चार ते सहा आठवड्यांत गळून नवा येतो, त्यामुळे वरच्या थरातला रंग त्याच्याबरोबर जातो. खाली सांडलेला रंग गळून जायला वाटच नाही. तो उचलून न्यायचं काम त्या सफाईच्या पेशींचंच, आणि त्या सावकाश काम करतात. महिने लागतात, कधी दोन-चार वर्षं. वरून सांडणं चालू असेल तर कधीच संपत नाही. म्हणून आधी सांडणं थांबवायचं. उजळवायचा विचार त्यानंतर.

या प्रकाराला हे नाव १९७४ मध्ये दिल्लीच्या भुतानी आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या रुग्णांवरून दिलं. मूळ लायकेन प्लॅनसचं नाव १८६९ चं, इरॅस्मस विल्सन यांचं. सांगायचं कारण इतकंच, की आपल्यासारख्या सावळ्या कातडीत हा आजार नेहमीचा आहे, कुठलाही दुर्मिळ शाप नाही.

लिव्हरचं म्हणाल तर हिपॅटायटिस सी आणि लायकेन प्लॅनसचा संबंध काही देशांत ठळक दिसतो, भारतात तितका नाही. डॉक्टरांनी एकदा रक्त तपासलं तर बरंच. पण चेहरा काळा म्हणजे लिव्हर खराब, हे गणित चुकीचं आहे. त्या नावाखाली काढे सुरू करू नका, काही काढ्यांनी लिव्हर खरंच बिघडतं.

---

आजीचाबटवा

एवढं कशाला? लिंबाचा रस, मध आणि हळद रोज अर्धा तास. आठ दिवसांत फरक दिसतो.

---

गोळीडबी

बटवाकाकू, मध-हळदीशी भांडण नाही, लिंबाशी आहे. लिंबाच्या रसात आणि सालीत फ्युरोकुमारिन असतात. ते कातडीवर असताना ऊन लागलं की कातडी भाजते आणि महिनोन् महिने काळा ओरखडा राहतो. सरबताची लिंबं पिळून उन्हात बसणाऱ्यांच्या बोटांवर असे डाग येतात. ज्या चेहऱ्यावर आधीच दाह आहे तिथं हे नकोच.

आता मलप्रभाकाठ दादा, तुमची ती ‘गोरेपणाची ट्यूब’. तिच्यावर बारीक अक्षरांत तीन नावं असणार: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, आणि मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन. तिसरं स्टेरॉइड. पहिला महिना उजळ दिसतो तो स्टेरॉइडमुळे: रक्तवाहिन्या आवळतात, दाह दबतो. मग कातडी पातळ होते, शिरा दिसतात, पुरळ येतं, आणि बंद केलं की दबलेला दाह उसळतो. वहिनींचे लाल गाल आणि आग म्हणजे तेच. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन वरच्या थरात काम करतात. काचपट्टींनी सांगितलेल्या खालच्या रंगापर्यंत त्यांचा हात पोचत नाही, आणि चिडलेल्या कातडीत ते स्वतःच जळजळ करून नवा काळेपणा आणतात. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर ऑक्रोनोसिस होतो, म्हणजे निळा-काळा दाणेदार डाग. तो घालवणं या आजारापेक्षा अवघड.

ट्यूब उलटी करून वाचायची सवय लावा. नावाच्या शेवटी ‘सोन’, ‘सोल’, ‘लोन’ आलं (बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन) की चेहऱ्यावर लावायच्या आधी विचारायचं. अशी बरीच स्टेरॉइड मलमं २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये आली. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम आहे. काउंटरवर काय होतं ते तुम्हाला मला माहीत आहे.

टॅक्रोलिमसची भीती समजते. किडनीच्या रुग्णाला हे औषध गोळीतून देतात, ते रक्तातून सगळ्या शरीरात जातं. मलम लावल्यावर रक्तात जाणारा अंश अत्यल्प असतो. काम मात्र तेच: हल्ला करणाऱ्या टी-पेशींना त्या जागेवर गप्प करणं. स्टेरॉइडसारखी कातडी पातळ होत नाही, म्हणून चेहरा-मान-काखेसाठी हेच निवडतात. लावण्यात मात्र चुका होतात, त्या अशा:

तोंड धुतल्या धुतल्या लावलं तर जबरदस्त आग होते. टॉवेलनं टिपून पंधरा-वीस मिनिटं कोरडं होऊ द्या, मग लावा. पहिले पाच-सात दिवस चुरचुर, ऊब, थोडी लाली येतेच. बहुतेक जण तिथंच ट्यूब फेकतात. फारच झालं तर पहिला आठवडा एक दिवसाआड लावा, किंवा आधी साधा मॉइश्चरायझर आणि वर हे. आगीचा काळ निघून जातो. उलट पाणी येणारं पुरळ, सूज किंवा ओठाजवळ नागिणीसारखे फोड आले तर थांबवून दाखवा. ट्यूब फ्रिजमध्ये ठेवायची सक्ती नाही, पण उन्हातल्या खिडकीत नको.

किती लावायचं? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम. तेवढ्यात दोन तळहातांएवढी जागा होते. दोन्ही कानशिलं आणि कपाळाच्या कडा मिळून एक रेघ, मानेला आणखी एक. म्हणजे रात्रीचा एक ग्रॅम. १० ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत संपली पाहिजे. दोन महिने पुरली तर मलम लावलंच नाही, नुसतं दाखवलं असं समजा.

सनस्क्रीनचंही तेच. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण लांबीची रेघ, तेवढं चेहरा-मानेला एका वेळी. सकाळी आठला आणि दुपारी बाराच्या सुमारास पुन्हा. घाम पुसला की परत. ५० ग्रॅमची ट्यूब तीन-चार आठवड्यांपलीकडे टिकता कामा नये. एसपीएफ ३० च्या वरचं कुठलंही चालेल, पण शक्य असेल तर कातडीच्या रंगाचं, ‘टिंटेड’ म्हणतात ते घ्या. त्यातला लोहाचा तांबूस रंग डोळ्यांना दिसणारा उजेडही अडवतो. सावळ्या कातडीत काळेपणा वाढवायला नुसत्या अतिनील किरणांची गरज नसते, दिसणारा उजेड पुरतो. पांढरं सनस्क्रीन तो अडवत नाही. शेतात सनस्क्रीनपेक्षा घट्ट विणीचा पदर किंवा रुंद काठाची टोपी जास्त कामाची. विरळ जॉर्जेटच्या पदरातून ऊन गाळल्यासारखं खाली उतरतं.

---

सांबरा_रोड

गोळीडबींनी औषध सांगितलं, मी कारणाकडे येतो. निम्मा उपचार तिथं आहे आणि घराघरात तोच राहून जातो.

काळी मेहंदी हा शब्दच फसवा आहे. मेहंदीच्या पानाचा रंग नारिंगी-तांबडा, आणि तो चढायला काही तास लागतात. जी पुडी अर्ध्या तासात केस कोळशासारखे काळे करते, तिच्यात पीपीडी असतं, पॅराफेनिलीनडायअमीन. पुडीच्या मागे बारीक छापलेलं असतं, नसलं तरी असतं असंच धरा. ‘अमोनियामुक्त’ म्हणजे पीपीडीमुक्त नव्हे, ही दोन वेगळी रसायनं. वहिनींचे डाग बघा: कानशिलं, कपाळाची कड, कानापुढे, मान. डाय धुताना पाणी ओघळतं तीच वाट. अशा स्पर्शातून येणाऱ्या काळेपणाला पिगमेंटेड कॉन्टॅक्ट डर्मेटायटिस म्हणतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो आणि लायकेन प्लॅनस पिगमेंटोसस इतके सारखे दिसतात की कारण सापडेपर्यंत दोन्ही नावं एकमेकांच्या जागी फिरतात. पण काखेत डाय जात नाही, म्हणून एकट्या डायवर खापर फोडायला मी तयार नाही.

बाकीचे संशयित: आवळ्याचं तेल (यावर बोट ठेवलं गेलंय), मोहरीचं तेल (आपल्याकडे जेवणात कमी, पण लोणच्यात आणि मालिशीला येतं), सुवासिक अगरबत्ती-अत्तर, डिओ, आणि कुंकू. स्वस्त कुंकवातल्या कृत्रिम लाल रंगानं कपाळाच्या मधोमध काळा डाग येतो. टिकलीच्या गोंदानं मात्र उलट होतं, पांढरा डाग पडतो. वहिनींच्या कपाळाचा मध्य सुटलेला असेल तर कुंकू बहुधा निर्दोष. फोटोत बघा.

काँग्रेस गवताचं विचारणारच कुणीतरी, म्हणून आधीच. १९५० च्या दशकात पुण्याजवळ पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे गवत आता बेळगाव-खानापूर-चिकोडीच्या प्रत्येक बांधावर आहे. त्याची धूळ हवेतून लागून चेहरा काळवंडतो हे खरं. पण तो प्रकार ओळखू येतो: पापण्या, कानामागं, कोपराची आणि मानेची घडी, भयंकर खाज, कातडी जाड आणि सुरकुतलेली. गवत फोफावतं त्या पावसाळ्यात जोर. खाज नसलेला, गुळगुळीत, राखाडी डाग असला तर गवताकडे संशय कमीच जातो. काजू सोलणाऱ्यांचे हात काळे पडतात तेही वेगळं. ते टरफलाच्या तेलानं भाजणं आहे.

एक गोष्ट आजच करा. वहिनींना घासणी, वजरी, दगड, चण्याच्या पिठानं रगडणं, मान घासून ‘मळ काढणं’ सगळं बंद. या आजारात कातडीला जिथं घर्षण किंवा ओरखडा बसतो तिथं नवा डाग उमटतो. त्याला कोबनर म्हणतात. घरातल्या बायका मानेचा काळेपणा मळ समजून आंघोळीत घासत राहतात, आणि तो वाढत जातो. मंगळसूत्राची साखळी मानेवर सारखी फिरत असेल तर काही महिने पोतीसारखी सैल, सुती दोऱ्यातली चालेल का विचारा. काखेत केस काढायचं क्रीम आणि डिओ दोन्ही नको.

---

तंबाखूपेठ (निपाणी)

मध्येच घुसतो, माफ करा. मनगटाच्या आतल्या बाजूला जांभळट, चपट्या पुळ्या, प्रचंड खाज. काही बसल्या पण तिथं काळे डाग राहिले. हाच आजार का?

---

काचपट्टी

ऐकून तरी हा मूळचा, ठसठशीत लायकेन प्लॅनस वाटतो. मनगट, नडगी, कंबर या त्याच्या जागा. घरी बघायचं असेल तर पुळीवर खोबरेलाचा एक थेंब टाका आणि भिंगातून बघा: पांढऱ्या बारीक रेघांची जाळी दिसली तर त्या विकहॅमच्या रेघा, १८९५ मध्ये त्यांनी वर्णन केलेल्या. दिसली नाही म्हणून आजार नाही असं मात्र नाही.

कातडीवरचा हा प्रकार बहुतेकांत एक-दोन वर्षांत आपोआप विझतो, डाग मागे राहतात. अंगावर थोड्याच पुळ्या असतील तर डॉक्टर तीव्र स्टेरॉइड (क्लोबेटासोल ०.०५ टक्के) दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे देतात आणि मग कमी करत आणतात. मनगटाला ते योग्य, चेहऱ्याला आणि जांघेला नाही. नडगीवरच्या जाड, खडबडीत पुळ्या जास्त चिवट. वर्षानुवर्षं राहिलेल्या जाड पुळीत जखम किंवा गाठ झाली तर लगेच दाखवायचं.

आणि तोंड उघडून आरशात बघा. गालाच्या आतल्या बाजूला, मागच्या दाढांपाशी, पांढरी लेससारखी जाळी आहे का? तोंडातला लायकेन प्लॅनस कातडीपेक्षा जास्त वर्षं राहतो आणि थोड्या रुग्णांत, साधारण शंभरात एकाच्या आसपास, पुढे कॅन्सर होतो. तुमच्या गावाच्या नावावरून बोलतोय असं समजू नका, पण तंबाखू, गुटखा, सुपारी असेल तर ती सोडणं आणि सहा महिन्यांनी तोंड तपासणं हे मलमापेक्षा महत्त्वाचं. लाल, सोललेली जागा असेल आणि तिखट लागताच झोंबत असेल तर सहा महिने थांबू नका.

तुमचा वेगळा धागा काढा, इथं वहिनींचं चाललंय.

---

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. फोटो पाहिले. कपाळाचा मध्य स्वच्छ आहे, काळपणा कडांनाच. ट्यूबवर तीच तीन नावं निघाली. आता दोन गोष्टी: बीपीची गोळी बंद करू का? आणि वहिनी म्हणते भुवया विरळ झाल्यात, कपाळ मोठं दिसतंय. वयानं असेल ना?

---

सांबरा_रोड

भुवयांचं आधी. वयावर सोडू नका.

याच आजाराच्या कुळात केसांच्या मुळावर हल्ला करणारा एक प्रकार आहे, फ्रंटल फायब्रोझिंग अलोपेशिया. पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांत जास्त. कपाळाची केसरेषा मागे सरकते, भुवया आधी जातात. चेहऱ्यावर लायकेन प्लॅनस पिगमेंटोसस असलेल्यांत तो अनेकदा सोबत सापडतो, कधी काळपणा आधी, केस मागून. वाईट एवढंच की केसाचं मूळ एकदा व्रणात गेलं की तिथं केस परत येत नाही. म्हणजे उशीर महाग पडतो.

मोबाइलचा टॉर्च तिरका धरून केसरेषा बघा. सरकलेल्या पट्ट्यातली कातडी गुळगुळीत, फिकट, ऊन न लागल्यासारखी दिसते का? रेषेच्या पुढे एकेकटा केस उरलाय का? राहिलेल्या केसांच्या बुडाशी लाली किंवा बारीक कोंडा गोलाकार चिकटलाय का? यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच डॉक्टरांकडे जा आणि ‘भुवया आणि केसरेषा’ हे दोन शब्द स्वतःहून सांगा. चेहऱ्याचे डाग बघायला आलेल्या रुग्णाचा पदर डोक्यावरच असतो, डॉक्टरांनाही केसरेषा दिसत नाही.

---

गोळीडबी

गोळी स्वतःहून बंद करायची नाही. बीपी एकदम वर गेलं तर काळपणापेक्षा मोठं संकट.

पण प्रश्न बरोबर आहे. हायड्रोक्लोरोथायझाइड उन्हाशी मिळून लायकेनसारखं पुरळ आणि काळपणा आणू शकतं, आणि ते गोळी सुरू केल्यावर आठवड्यांनी नव्हे तर कधी महिन्यांनी, वर्षानंही दिसतं. म्हणून ‘दोन वर्षं घेतेय, तिचा काय संबंध’ हे म्हणणं टिकत नाही. बीपीच्या डॉक्टरांना स्किनचा रिपोर्ट दाखवा आणि थायझाइड नसलेली गोळी देता येईल का विचारा. पर्याय बरेच आहेत. बदलल्यानंतर नवे डाग थांबले का हे कळायलाही काही महिने लागतात. मलेरिया-संधिवाताच्या क्लोरोक्विन गटातल्या गोळ्या, काही वेदनाशामकं, टीबीची औषधंही याच यादीत येतात. घरातल्या गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी घेऊन जावं.

एक गल्लत टाळा: एखादी गोळी घेतली की दरवेळी त्याच जागी गोल काळा चट्टा पेटतो, तो फिक्स्ड ड्रग इरप्शन. त्यात जागा ठरलेली असते. वहिनींचं तसं नाही.

---

काचपट्टी

रंग जातो का, याचं उरलेलं अर्धं.

आजार जिवंत आहे की विझलाय, हे आधी ठरवावं लागतं. नवे डाग येतायत, जुन्या डागाच्या कडेला लालसर किनार आहे, चुरचुरतंय, म्हणजे जिवंत. यासाठी दर महिन्याच्या एकाच तारखेला, त्याच खिडकीशी, फ्लॅश बंद करून समोरून आणि दोन्ही बाजूंनी तीन फोटो काढा. रोज आरशात बघणाऱ्याला बदल कळत नाही. तीन महिन्यांपूर्वी आणि आजचा फोटो शेजारी ठेवला की कळतो. टॅक्रोलिमसचा निकाल तीन ते सहा महिन्यांच्या आत लावू नका. पहिलं यश म्हणजे नवा डाग न येणं. फिकटपणा त्यानंतर, कडांपासून आत.

तेवढ्यानं थांबलं नाही तर डॉक्टर पोटातून औषध देतात: कमी मात्रेतलं आयसोट्रेटिनॉइन, बरेचदा रोज २० मिलिग्रॅम. वहिनींची पाळी चालू असेल तर गर्भधारणा चालणारच नाही, औषध थांबवल्यावरही महिनाभर. त्याआधी आणि मधून मधून चरबी आणि लिव्हरची तपासणी. ओठ सुकणार हे नक्की. झपाट्यानं पसरत असेल तर थोडे आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्याही देतात, पण त्या किती आणि कशा उतरवायच्या हे चिठ्ठीनंच चालायचं.

लेझर आणि पील याबद्दल स्पष्ट मत: आजार जिवंत असताना दोन्ही नको. पीलनं कातडी सोलणं म्हणजे कोबनरला आमंत्रण. १०६४ नॅनोमीटरचा क्यू-स्विच्ड लेझर खालच्या रंगापर्यंत पोचतो, पण या आजारात निकाल बेभरवशाचा. कुणाचा फिका होतो, कुणाचा जास्त काळा. ब्युटी पार्लरच्या पॅकेजमध्ये मिळणारा लेझर तर विचारातही घेऊ नका. सहा महिने नवा डाग नाही, मग त्वचारोगतज्ज्ञाकडे कानामागच्या एका छोट्या डागावर करून, दोन महिने थांबून बघायचं.

तोपर्यंत झाकायला मेकअप वापरणं पाप नाही. सुवास नसलेला, आणि खाली सनस्क्रीन. राखाडीवर पिवळसर-पीच छटा बसते, पांढरट पावडर मारली तर राख आणखी उठून दिसते.

---

मलप्रभाकाठ

वहिनीनं काल रात्री ट्यूब उघडली. आग होतेय म्हणाली, पण लावणार. आवळ्याचं तेल आणि डाय बंद. केस पांढरे दिसणार याचंच तिला जास्त वाईट वाटायलंय. पॅच टेस्ट करावी का? आणि कुठं?

---

सांबरा_रोड

करावी. संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून कुठला सोसत नाही ते बघायची ही चाचणी. डाय सुटला, पण गुन्हेगार तेलातला सुवास निघाला तर नुसता डाय सोडून भागत नाही. घरी कोपराच्या आत डाय लावून बघायचा उद्योग मात्र करू नका. आधीच चिडलेल्या माणसाला पीपीडीचा आणखी एक डोस दिल्यासारखं होतं, आणि निकालही नीट वाचता येत नाही.

बेळगावात सिव्हिलमध्ये आणि मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात स्किनची ओपीडी आहे. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूरही जवळ पडतं. पॅच टेस्टचा संच सगळीकडे रोज उघडलेला नसतो, म्हणून खानापूरहून निघायच्या आधी फोन करून विचारा: भारतीय स्टँडर्ड मालिका आहे का, आणि सौंदर्यप्रसाधनांची मालिका आहे का. दुसरी जास्त महत्त्वाची. स्वतःचं तेल, कुंकू, डिओ मूळ डब्यांसकट न्या. काउंटरवर कन्नडच चालत असेल तर काळा डाग म्हणजे ‘कप्पु कले’, खाज नाही म्हणजे ‘तुरिके इल्ला’. वहिनींना एवढं पाठ असू दे. खाज आहे की नाही, यावर डॉक्टरांचा अर्धा विचार फिरतो.

केसांना काळंच हवं असेल तर निकाल येईपर्यंत थांबा. त्यानंतर साधी मेहंदी आणि वर निळीच्या पानांची पूड, दोन टप्प्यांत, असा मार्ग उरतो. पुडीत त्या दोन पानांशिवाय काही नाही याची खात्री करून.

चाचणी पाठीवर होते. पाठीला मलम किंवा तेल नको, आधीच्या आठवड्यांत पाठ उन्हात तापलेली नको, स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर तसं सांगा. ती निकाल दडपते. पट्ट्या चिकटवल्यावर दोन दिवस पाठ ओली करायची नाही, वाकून काम नाही, घाम येईल असं काही नाही. पेननं केलेल्या खुणा घासून काढू नका, दुसऱ्या वाचनाला त्याच लागतात. सोमवारी लावली तर बुधवारी काढून पहिलं वाचन, शुक्रवारी दुसरं. शुक्रवारची खेप बरेच जण बुडवतात, आणि डायसारखी प्रतिक्रिया कधी कधी शुक्रवारीच उमटते. म्हणून भातकापणीच्या आठवड्यात तारीख घेऊ नका. मळणी आटोपली की घ्या, आणि तिन्ही खेपांचं बसचं बघून ठेवा.